नाव न लिहिलेला नट

काबुकी या पारंपरिक जपानी नाटकातल्या नटांची लाकडी ठशांनी छापलेली जुनी चित्रं टोकियोत आजही साध्या नोकरदाराच्या खिशाला झेपतात. शाराकु या चित्रकाराची १७९४-९५ मधली चित्रं सोडा, ती संग्रहालयांत नाहीतर मोठ्या लिलावांत. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उतागावा कुनिसादा आणि त्याच्या शिष्यांनी नटांची चित्रं काढण्याचा असा काही सपाटा लावला होता, की जिम्बोचोच्या जुन्या पुस्तकांच्या पेठेत त्यांचे सुटे ताव अजूनही खोक्यांत उभे लावलेले असतात. कडा कापलेल्या, कुठे कसर लागलेली, मधोमध घडीची रेघ. काही हजार येनात एखादा मिळून जातो.

मी निशिकासाईला राहते. तोझाई लाइननं कुदानशिताला उतरायचं आणि चालत जिम्बोचो गाठायचं, हा सुट्टीच्या दिवसाचा ठरलेला रस्ता. अशाच एका खोक्यात मला तो ताव मिळाला. साधारण ३६ बाय २५ सेंटिमीटरचा. त्यावर एक तरुण पुरुष, डोक्यावरून गालांभोवती फडकं गुंडाळलेलं, अंगात रेघारेघांचा किमोनो, मान आपल्या उजवीकडे वळलेली. गालावर, कपाळावर आणि बाहीतून बाहेर आलेल्या हातावर बारीक लाल रेघा. वरच्या कोपऱ्यात एकच नाव, योसाबुरो. हे भूमिकेचं नाव. नटाचं नाव कुठेच नाही. आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाच्या तरी किमोनोचा काठ आत आलेला, कागद संपतो तिथेच तुटलेला.

दुकानदार वयस्कर, मोजकं बोलणारे. मी विचारलं, हा नट कोण? त्यांनी माझ्यापुढे भिंग सरकवलं आणि म्हणाले, "चेहरा बघा. एदोतल्या माणसाला सांगावं लागत नव्हतं." एदो म्हणजे जुनं टोकियो. मी चित्र घेतलं, आणि हा चेहरा ओळखायचाच असं ठरवून घरी आले.

सगळ्यात आधी चित्र उलटं केलं. ही सवय मला त्याच दुकानदारांनी लावली. जपानी ठशाच्या छपाईत यंत्र नसतं. रंग लावलेल्या लाकडी ठशावर ओलसर कागद पालथा घालतात आणि पाठीवरून बारेन नावाच्या चपट्या गोल गादीनं घासतात. त्या दाबानं रंग कागदाच्या तंतूंमध्ये शिरतो, म्हणून जुन्या चित्राच्या पाठीवर पुढचे रंग पुसटसे उतरलेले दिसतात, आणि प्रकाशात तिरपं धरलं तर बारेनच्या गोलाकार घासण्या दिसतात. माझ्या तावाची पाठ तशीच होती. कागद तुतीच्या जातीच्या कोझो झाडाच्या सालीचा, मऊ आणि चिवट. मागून दुसरा कागद चिकटवलेला नव्हता, हे चांगलं झालं, कारण अस्तर लावलेल्या चित्राची पाठ वाचता येत नाही.

मग पुढची बाजू, भिंगातून. कानशिलावर फडक्याच्या कडेतून केस बाहेर आले आहेत, तिथे मी बराच वेळ अडकले. एकेक केस स्वतंत्र आहे, आणि तो रेखलेला नाही, कोरून मागे ठेवलेला आहे. म्हणजे कोरणाऱ्यानं डोंगरी चेरीच्या घट्ट लाकडात दोन केसांमधली जागा काढून टाकली आहे आणि केसाएवढं लाकूड उभं ठेवलं आहे. कोरणाऱ्यांच्या कारखान्यात चेहरा आणि केस हे सगळ्यात मुरलेल्या हाताचं काम असे, कपडे आणि मागचा देखावा शिकाऊ हातांकडे जाई. त्या सुमाराच्या काही चित्रांवर चित्रकाराच्या सहीजवळ कोरणाऱ्याचाही शिक्का असतो. माझ्या तावावर तो नाही, याचं मला वाईट वाटतं. चित्रकारानं पातळ कागदावर शाईनं आराखडा दिला, तोही कोरताना ठशावर चिकटून नष्ट झाला. जे आज आपल्या हातात आहे ते कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं आहे.

तिरपं धरल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. किमोनोची काळी गळपट्टी समोरून नुसती काळी. पण दिव्याखाली जरा कलती केली की त्या काळ्यात चकचकीत चौकडी उमटते, सरळ केली की नाहीशी. यासाठी छापून वाळलेला कागद कोरलेल्या ठशावर सुलटा ठेवतात आणि पुढच्या बाजूनं रानडुकराच्या सुळ्यासारख्या गुळगुळीत वस्तूनं घोटतात. नुसत्या घोटण्यानं नक्षी चमकते, त्यात वेगळा रंग नसतो. काचेच्या चौकटीत टांगलेल्या चित्रात हे कधीच दिसणार नाही. ही चित्रं मुळात हातात धरून बघायची होती.

आता शिक्के. सही तोयोकुनी अशी, लाल-पिवळ्या उभ्या चौकटीत. हाच तो कुनिसादा. १७८६ मध्ये जन्मलेल्या या माणसानं १८४४ मध्ये आपल्या गुरूचं, तोयोकुनीचं नाव घेतलं. आज त्याला तिसरा तोयोकुनी म्हणतात, तो मात्र स्वतःला दुसरा समजत असे, कारण मधल्या एका गुरुबंधूचा त्या नावावरचा हक्क त्याला मान्य नव्हता. सहीजवळ दोन छोटे गोल शिक्के आणि शेजारी एक लंबगोल. लंबगोलात बैलाचं चिन्ह आणि तीनचा आकडा.

बैल म्हणजे बारा प्राण्यांच्या चक्रातलं वर्ष. ते १८४१ असू शकतं, १८५३ असू शकतं, १८६५ सुद्धा. इथे ते दोन गोल शिक्के कामाला येतात. प्रत्येक चित्र छापण्याआधी सरकारी तपासणीला जात असे, आणि शिक्का मारण्याची पद्धत काही वर्षांनी बदलत राहिली. पेठांचे मुख्य, म्हणजे नानुशी, हे तपासणीचं काम करत. दोन नानुशींचे शिक्के अधिक वर्ष-महिन्याचा शिक्का ही पद्धत १८५२ च्या सुरुवातीपासून १८५३ च्या अखेरीपर्यंतच चालली. या दोन वर्षांत बैल एकच, १८५३. माझ्या तावावरचे नानुशी हामा आणि मागोमे, ही जोडी त्या काळातल्या पुष्कळ चित्रांवर सापडते. म्हणजे माझा ताव १८५३ च्या तिसऱ्या चांद्रमासातला. तपासनिसांनी बंधन म्हणून मारलेला शिक्काच आज चित्राची तारीख सांगतो. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी अमेरिकन कमोडोर पेरीची काळी जहाजं उरागाच्या किनाऱ्याला लागली. हे चित्र विकत घेणाऱ्याला त्याची काही कल्पना नव्हती. त्याच्या डोक्यात नाटक होतं.

नटाचं नाव का नाही, याचं उत्तरही त्याच तपासणीत आहे. १८४२ मध्ये शोगुनाच्या सरकारनं काटकसरीचे आणि नीतिमत्तेचे कडक नियम आणले. नटांची आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी. रंग किती वापरायचे याला मर्यादा, आणि किंमत १६ मोनच्या वर न्यायची नाही. १६ मोन म्हणजे तेव्हा सोबा शेवयांच्या एका वाडग्याचे पैसे. नाटकगृहांनाही शहराच्या मध्यातून उचलून आसाकुसाच्या पलीकडे सारुवाकाचोमध्ये नेऊन बसवलं. एदोचा सगळ्यात लाडका नट सातवा इचिकावा दानजूरो याला चैनीच्या आरोपाखाली शहराबाहेर हाकललं. काही वर्षांत बंदी सैल पडली आणि चित्रं हळूहळू परत आली, पण नटाचं नाव लिहायचं नाही हा संकेत बराच काळ टिकला. प्रकाशक भूमिकेचं नाव घालत, आणि चेहरा हुबेहूब त्या नटाचा काढत. तपासनीसही त्याच नाटकांना जाणारी माणसं होती. त्यांना चेहरे ओळखू येत नसतील हे मला पटत नाही. कागदावर नाव नाही एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं.

मला ही गोष्ट फार मोठी वाटते. ही चित्रं अशा प्रेक्षकासाठी काढलेली आहेत ज्याला नाकाची ठेवण, जबड्याची लांबी, डोळ्याचा कोपरा एवढं पुरेसं होतं. काबुकीतला चेहरा तर रंगानं भरलेला, भुवया वेगळ्या काढलेल्या, स्त्रीच्या भूमिकेतही पुरुषच. तरीही रंगाखालचा माणूस दिसला पाहिजे, अशी चित्रकाराची जबाबदारी. कात्सुकावा शुनशोनं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा पायंडा पाडला. त्याआधीच्या चित्रांत चेहरे सगळे एका साच्यातले, आणि नट ओळखायचा तो बाहीवरच्या कुलचिन्हावरून.

म्हणून मी चेहऱ्याकडे वळले. लांबट, निमुळता. डोळे बारीक, कोपरे जरा वर गेलेले. नाक लांब आणि सरळ उतरणारं. पुढचे काही आठवडे रात्रीची जेवणं उरकली की मी वासेदा विद्यापीठाच्या नाट्यसंग्रहालयाच्या ऑनलाइन संग्रहात कुनिसादानं काढलेले चेहरे बघत बसे. हे संग्रहालय १९२८ मध्ये त्सुबोउची शोयो या नाटककाराच्या गौरवार्थ उभं राहिलं. त्यांनी शेक्सपिअरची नाटकं जपानीत आणली, म्हणून इमारतीचा दर्शनी भागही लंडनच्या जुन्या फॉर्च्यून नाट्यगृहाच्या धर्तीचा आहे. त्यांच्याकडे हजारो नटचित्रं आहेत, आणि नट, भूमिका, नाटक, नाट्यगृह, वर्ष अशा कुठल्याही बाजूनं शोधता येतात. माझ्याकडे भूमिका आणि वर्ष होतं. मुद्दामच ते लगेच टाकलं नाही. आधी डोळ्यांनी ओळखायचं होतं.

चेहरे सुरुवातीला सगळे सारखे वाटतात. मग एक-एक सुटा होऊ लागतो. सातव्या दानजूरोचे बटबटीत मोठे डोळे एकदा लक्षात आले की ते कुठल्याही भूमिकेत लपत नाहीत. तसाच एक लांबट चेहरा पुन्हा पुन्हा समोर येऊ लागला, कधी राजपुत्र, कधी दरोडेखोर, कधी देखणा मवाली. बाहीवर एकात एक बसवलेले तीन चौकोन. ही धान्य मोजायची मापं, इचिकावा दानजूरो घराण्याचं कुलचिन्ह. मी माझा ताव परत काढला. गळपट्टीतली ती चकचकीत चौकडी भिंगाखाली धरली. तीन-तीन रेघांची चौकडी, एकात एक चौकोन. कुलचिन्ह वस्त्रात विणून ठेवलेलं होतं, आणि तेही अशा जागी की कागद हलवल्याशिवाय दिसू नये.

हा आठवा इचिकावा दानजूरो. सातव्याचा मुलगा, जन्म १८२३.

आता भूमिका आणि वर्ष टाकलं, आणि नोंदी धडाधड आल्या. कायेई ६, म्हणजे १८५३, तिसरा महिना, सारुवाकाचोचं नाकामुरा-झा नाट्यगृह. नाटक तिसऱ्या सेगावा जोकोचं, "योवा नासाके उकिना नो योकोगुशी". योसाबुरो: आठवा दानजूरो. आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीत माझं चित्र, पण तीन तावांचं. माझा डावा. मधल्या तावावर नाटकाची नायिका ओतोमी, अंघोळीहून आल्यासारखी, आणि तिच्याच किमोनोचा काठ माझ्या कोपऱ्यात आलेला. ओतोमी झालेला चौथा ओनोए बाइको, जो पुढे चौथा किकुगोरो झाला. उजव्या तावावर गालावर वटवाघूळ गोंदवलेला गुंड कोमोरी यासू, म्हणजे पहिला नाकामुरा त्सुरुझो. बाइको पुरुष आहे हे चित्र बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, तरी चित्रात ती ओतोमीच आहे. बालगंधर्वांच्या काळातल्या आपल्या प्रेक्षकाला हे निराळं समजावून सांगावं लागलं नसतं.

संग्रहालयाच्या प्रतीत योसाबुरोच्या बाहीचं आतलं अस्तर लाल आहे, माझ्याकडे ते विटून बदामी झालं आहे. करडईच्या फुलांपासून काढलेला तांबडा रंग उजेडानं असा उडतो. निळा मात्र दोन्हीकडे तितकाच गडद. १८३० च्या सुमारास बाहेरून येणारा प्रशियन निळा स्वस्त झाला आणि या चित्रांत सर्रास आला, तो सहजी उडत नाही. माझा ताव कुणीतरी बरीच वर्षं भिंतीवर लावला असणार. आता तो आम्लरहित कागदाच्या घडीत, सपाट, बंद कपाटात आहे.

नाटकाची गोष्ट थोडक्यात सांगते. व्यापाऱ्याच्या घरचा योसाबुरो किसाराझूच्या किनाऱ्यावर ओतोमीच्या प्रेमात पडतो. ती एका गुंडांच्या म्होरक्याची रखेल. ते पकडले जातात, योसाबुरोच्या अंगावर चौतीस वार होतात, ती समुद्रात उडी घेते. तीन वर्षांनी योसाबुरो लोकांकडून पैसे उकळणारा भणंग झालेला आहे आणि यासूबरोबर एका घरी खंडणीला जातो. त्या घरातली बाई म्हणजे ओतोमी. त्या लाल बारीक रेघा म्हणजे हे वार. माझ्या तावावरचा योसाबुरो उजवीकडे बघतो आहे तो तिलाच, आणि अजून फडकं सोडलेलं नाही, म्हणजे तिनं त्याला ओळखलेलं नाही. एवढं कळल्यावर त्या वळलेल्या मानेचा सगळा अर्थ बदलला.

हा प्रवेश आजही वरचेवर होतो. गिन्झाच्या काबुकी-झामध्ये चौथ्या मजल्यावर एकाच प्रवेशाचं स्वस्त तिकीट मिळतं, तिथे बसून मी तो बघितला. योसाबुरो आधी घरच्या मालकिणीला हाक मारावी तसं अदबीनं बोलतो, मग ओतोमीबाई म्हणतो, आणि मग सगळी अदब गळून नुसतं "ओतोमी!" वरून कुणीतरी नटाच्या घराण्याच्या नावानं आरोळी ठोकली, बरोबर त्या श्वासाच्या जागेत. चित्र त्याच्या आधीच्या क्षणाचं आहे, हे मला खुर्चीत बसल्या बसल्या दिसलं. पहिल्या प्रयोगांना जाऊन आलेल्या माणसानं तो ताव घरी नेला तेव्हा पुढचा संवाद त्याच्या कानात आपोआप वाजत असणार. कुनिसादानं तो वाजायला जागा सोडली आहे.

नाटकही चित्रासारखंच नाव लपवतं. प्रसंग कामाकुरातल्या गेंजिदानामध्ये घडतो असं म्हणतात, पण प्रेक्षकांना ठाऊक होतं की ही आपल्याच निहोनबाशीजवळची गेन्यादाना गल्ली. निंग्योचोच्या हमरस्त्यावर आज तिची खूण म्हणून एक दगड आहे, मी तोही शोधून काढला. कामेइदोच्या कोम्योजी देवळात कुनिसादाची समाधी आहे, तिथेही जाऊन आले. आमच्या भागापासून लांब नाही.

आठव्या दानजूरोचं पुढे काय झालं ते वाचल्यावर मात्र ताव काही दिवस बाहेर काढवला नाही. एदोच्या बायकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. सुकेरोकुच्या भूमिकेत तो पाण्याच्या पिंपात लपतो, तर त्या पिंपातलं पाणी बाटल्यांत भरून विकलं गेलं, असं सांगतात. १८५४ च्या आठव्या महिन्यात तो वडिलांबरोबर ओसाकाला गेला होता. तिथे प्रयोग सुरू व्हायच्या दिवशीच त्यानं मुक्कामाच्या जागी आत्महत्या केली. जपानी मोजणीनं बत्तिसाव्या वर्षी. कारण नक्की कुणालाच सांगता आलेलं नाही. म्हणजे माझ्या तावानंतर जेमतेम दीड वर्ष.

नट गेला की त्याचं स्मृतिचित्र काढायची रीत होती, शिनि-ए. फिकट निळसर सोवळ्या वेशातला नट, मृत्यूची तारीख, बौद्ध मरणोत्तर नाव, देऊळ. आठव्या दानजूरोची अशी दोनशेहून अधिक निरनिराळी चित्रं निघाली. बरीचशी सहीशिवाय आणि तपासणीच्या शिक्क्याशिवाय, घाईघाईनं छापलेली. एकात तो बुद्धाच्या महापरिनिर्वाणासारखा पहुडला आहे आणि भोवती बायका आकांत करताहेत. कोरणीला सफाई नाही, रंग दोन-चार. योसाबुरोच्या कानशिलावरचे केस बघितल्यावर ही चित्रं ओबडधोबड वाटतात. पण याच चित्रांवर त्याचं नाव, इतकी वर्षं लपवलेलं, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे.

आता ओतोमीचा ताव हवा आहे. दुकानदारांकडे नोंद करून ठेवली आहे: वर्ष बैल, महिना तिसरा, नानुशी हामा आणि मागोमे, आणि डाव्या कडेला किमोनोचा काठ अर्धा तुटलेला. प्रकाशकाचा शिक्काही तोच हवा. नाटक इतकं गाजलं होतं की याच प्रवेशाची चित्रं इतरांनीही काढली, आणि त्यातली ओतोमी कितीही सुरेख असली तरी तिच्या किमोनोचा काठ माझ्या तावाला जुळायचा नाही.